वीरभद्र लोहारेकर आरमारात जातो

लोहाऱ्याच्या गुंडाप्पांचा वीरभद्र पोहायला शिकला तो गावच्या बारवेत. त्याहून मोठं पाणी त्यानं अठरा वर्षांत बघितलंच नव्हतं. एकोणीसशे त्रेचाळीस साली वडिलांनी त्याला भुईमुगाच्या शेंगा घेऊन सोलापूरच्या अडतीवर धाडलं. शेंगा खपल्या, गाडी सोबतच्या सिदू गड्याच्या हवाली झाली आणि पठ्ठ्या सरळ आरमाराच्या भरतीत जाऊन उभा राहिला. का, तर तिथं टांगलेल्या चित्रातल्या खलाशाची टोपी त्याला लई आवडली.

सिदू एकटाच परतला तेव्हा आई गौराबाईंनी कपाळावर हात मारला. "फौजेत गेला असता तर पाय तरी जमिनीवर राहिले असते!"

त्यांचं काही चूक नव्हतं. बोट हलली की वीरभद्राच्या पोटातलं सगळं बाहेर येई. त्यात घर लिंगायताचं. मासळीचा वाससुद्धा त्याला माहीत नव्हता. भटारखान्यातला गोव्याचा आचारी कीव येऊन त्याला डाळभात वेगळा काढून ठेवी आणि बदल्यात कांदे सोलून घेई. कांदे सोलताना मळमळत नाही, हा शोध वीरभद्राला तिथंच लागला. पुढं निशाणं हलवून दुसऱ्या बोटीशी बोलायचं काम मिळालं, आणि गडी रमला.

शेहेचाळीसला तो रजेवर निघाला. निजामाच्या हद्दीवर, जकातीच्या नाक्यावर, जमादारानं त्याचा पांढराशुभ्र गणवेश न्याहाळला.

"कौनसी फौज के?"

"समंदर की."

जमादार खो खो हसला. "हमारे मुल्क में समंदरच नै, तो तुमारे वास्ते कायदा बी नै. जाओ मियाँ!"

उमरग्याच्या कल्याणप्पांना तेवढ्यानं हसू येणार नव्हतं. त्यांच्या लेकीला, महादेवीला, बघायला वीरभद्र आला होता.

"बोट बुडाली तर काय करता?" त्यांनी विचारलं.

"पोहता येतं की."

"किती लांब?"

वीरभद्रानं प्रामाणिकपणे विचार केला. "बारवेच्या या काठापासून त्या काठापर्यंत."

आतून महादेवी खळखळून हसली. पाहुण्यांसमोर मान वर न करणारी आपली लेक हसतेय, हे ऐकून कल्याणप्पांनी आतल्या दाराकडे वळून बघितलं. मग म्हणाले, "सुपारी फोडा."

लग्न झालं, रजा संपली. सत्तेचाळीसला वीरभद्राचं आरमार स्वतंत्र हिंदुस्थानचं झालं आणि घर राहिलं निजामाचं. त्या गणवेशात गावी येणं म्हणजे रझाकारांना आवतण. वर्षभर महादेवीनं नुसती वाट पाहिली. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि तो तिला न्यायला आला.

मुंबईचा समुद्र तिनं पदर खोचून नीट निरखला. "एवढं पाणी, अन् घोटभर पिता येत न्हाय? मग ठेवलंय कशाला?"

"माझी नोकरी चालावी म्हणून," वीरभद्र म्हणाला.

ती चांगली चालली. अधिकाऱ्याच्या परीक्षेचा अभ्यास महादेवीनंच करून घेतला. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण नवरा डुलकी घेतोय हे बरोबर कळत होतं. बऱ्याच वर्षांनी तो कमांडर झाला आणि तिला बोट दाखवायला घेऊन गेला. त्याची खोली बघून ती म्हणाली, "एवढे मोठे साहेब झालात, अन् उखळ ठेवायला जागा न्हाय?"

इतक्यात एक खलाशी चहा घेऊन आला. त्यानं खाडकन सलाम ठोकला. महादेवीनं डोक्यावरचा पदर सावरला, हात जोडले आणि त्याला विचारलं, "जेवलास का रे बाळा?"