दोन्ही हातांची किटली

सुवालालचे नाव फोनवर उमटले तेव्हा मी वारूळवाडीच्या माझ्या वर्कशॉपमध्ये लेथपाशी उभा होतो. त्या दिवसांत त्याचे फोन फार येत. किटलीच्या झाकणाची स्प्रिंग सैल तर पडणार नाही ना, खटका वाफेने अडकणार तर नाही ना, असे काहीतरी विचारायचे असे. मी हात पुसले, फोन घेतला आणि त्रासून म्हणालो, "आता काय राहिलं?" पलीकडे त्याची बायको, कमलवहिनी होत्या. "काही राहिलं नाही, भाऊ..." एवढेच त्या बोलल्या. सुवालाल दुपारी जेवून आडवा झाला होता. तो उठला नाही.

त्याला आता काही आठवडे लोटले. सुवालाल माझा शाळेतला सोबती. त्याचे आजोबा राजस्थानातून येऊन नारायणगावच्या पेठेत भांड्यांचे दुकान घालून बसले. नातवाला मात्र भांडी विकण्यापेक्षा घडवण्याची ओढ अधिक होती. कचेऱ्यांसाठी तो दुहेरी भिंतीच्या स्टीलच्या किटल्या करी, आणि त्यांच्या झाकणांचे साचे मी करून देई. त्या किटल्या पाहूनच पुण्याच्या एका कंपनीने त्याला विमानात चहा-कॉफी वाढण्यासाठी किटली घडवायला सांगितले. वजनाला हलकी, आत कढत, बाहेरून हाताला गार, आणि आडवी पडली तरी न सांडणारी. आम्ही दोघेही तोवर विमानात बसलेलो नव्हतो. विमानाला हिसका बसला आहे आणि किटलीखाली कुणाच्या तरी मांडीवर मूल आहे, हे एकच चित्र सुवालालने मनात धरले. ते अखेरपर्यंत सुटले नाही. सूर्यास्तानंतर पाण्याचा घोटही न घेणारा हा माणूस दिवसभर परक्यांच्या चहाची धास्ती वाहत असे.

हिसक्यांसाठी त्याने घाटघरचा खड्ड्यांचा रस्ता निवडला. बाळूची जीप ठरवली. मागच्या बाकांवर आम्ही समोरासमोर बसायचे, त्याने कढत पाणी ओतायचे आणि मी कप धरायचा. "शेठ, लोक म्हंत्यात खड्डं चुकव, आन् तुमी म्हंता खड्ड्यातनंच घे!" बाळू ओरडला. "किटली तपासताय का माजी गाडी?"

"दोन्ही," सुवालाल म्हणाला.

"मंग गाडी नापास झाली बगा. भाऊंना इचारा, कंबर हाय का न्हाई ती!"

किटली टिकली. झाकण हलले नाही. मुठीवरचा खटका अंगठ्याने दाबला तरच तोंड उघडे, सोडला की मिटे. सुवालालने नमुना स्वतः पुण्याला नेऊन दिला. परतल्यावर पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर मला थोडी स्वस्थता दिसली.

ती फार टिकली नाही. कंपनीने विमानासारखी अरुंद वाट आणि दोन्ही अंगांना खुर्च्या मांडून चाचणी घेतली. वाढणाऱ्या मुलीने एका बाजूला उजव्या हाताने ओतले आणि दुसऱ्या बाजूसाठी किटली डाव्या हातात घेतली. आम्ही खटका उजवा अंगठा पडतो त्या कडेला बसवला होता. डाव्या हातात त्याच कडेवर तळव्याचा दाब आला, ओतण्याआधीच तोंड उघडले, आणि कढत पाणी तिच्या मनगटावर गेले. घाटघरच्या रस्त्यावर, दुकानात, घरी, ती किटली कितीदा तरी ओतली गेली होती. पण पाहुण्याला डाव्या हाताने वाढण्याचे आमच्यापैकी कुणाच्या मनातही आले नव्हते. तसे कुणी करीतच नाही.

भाजणे किरकोळ होते. सुवालालला ते किरकोळ वाटले नाही. तो त्या मुलीला रोज फोन करी. अखेर तीच म्हणाली, "काका, हात बरा झालाय. आता तुम्ही बरे व्हा." त्याने खटका मुठीच्या माथ्यावर आणला, कोणत्याही अंगठ्याने दबेल असा. मी साचा नव्याने केला. मग त्याने घरी डाव्या हाताने ओतण्याचा सराव मांडला. कमलवहिनी संतापल्या. "अहो, हे काय आरंभलंय? डाव्या हातानं वाढलं तर पाहुणे उठून जातील!"

"विमानातून कुठं उठून जातील?" तो म्हणाला. हसला मात्र नाही.

दुसरा नमुना गेल्यावर त्याची झोप गेली. छातीत दुखते म्हणे, पण डॉक्टरकडे जाणे निकाल येईपर्यंत लांबवी. मी दोनदा बोललो. त्याने ऐकले नाही. आमच्या अखेरच्या भेटीत तो वर्कशॉपच्या दारात बराच वेळ घुटमळला. "दशरथ... आपल्याला न सुचलेला आणखी एखादा हात राहिला नसेल ना?" मी त्याला घरी जाऊन झोप म्हणालो.

गेल्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो. टेबलावर नव्या किटलीचा घरी ठेवलेला तसाच एक नमुना होता. कमलवहिनींनी सांगितले की त्या मुलीचा सुवालालच्या फोनवर फोन आला होता. तिला काही ठाऊक नव्हते. "ती म्हणाली, दोन्ही हातांनी ओतलं, विमान हलत असताना ओतलं, कुठं सांडलं नाही. काकांना सांगा. मी म्हटलं, सांगते..."  

मग त्यांनी किटलीत चहा भरला. माझ्यापुढे कप ठेवला. किटली उजव्या हाताने उचलली, क्षणभर तशीच धरली, आणि डाव्या हातात घेतली. माझी नजर सवयीने झाकणावर गेली. ते मिटलेले होते. वहिनींनी अंगठ्याने खटका दाबला. धार सरळ कपात पडली. खटका सुटताच ती तुटली. बशीत थेंब नव्हता.

मी उठून गेलो नाही. चहा प्यायलो, आणि कप पुन्हा पुढे केला.