गुप्तरोगाच्या रांगेत

आमच्या गावात काहीही झालं की देवाला कौल लावायची पद्धत. गुरव मूर्तीवर ओले तांदूळ चिकटवतो. उजवीकडचा दाणा पडला तर हो, डावीकडचा पडला तर नाही. ऐंशी सालानंतर कधीतरी माझ्या धाकट्या भावाच्या बायकोवर भातगिरणीवाल्यानं जबरदस्ती केली, तेव्हाही गाव देवळातच जमलं. भाऊ मुंबईला गोदीत.

प्रश्न लावला, हे गावात मिटवायचं का बाहेर न्यायचं? तिला दुखतंय काय, हे देवाला कुणी विचारलं नाही. देवाला तरी कसं सुचावं? देवापुढं गाऱ्हाणं घालणार गावकर, म्हणजे गावचा पहिला मानकरी, नि तो गिरणीवाल्याकडं रोज पान खायला बसणारा.

दाणा पडेना. माझी बायको देवळाच्या पायरीवरूनच बोलली, "देव विचार करतोय तर करू दे. आम्ही तोवर रत्नागिरीला जाऊन येतो."

गावकर म्हणाला, "कौलाच्या आधी गेलात तर वाळीत पडाल."

"मग त्याचा पण कौल लावा. बसून काय करणार नायतर?"

आम्ही तिघं एसटीनं सरकारी दवाखान्यात गेलो. खिडकीतला बाबू मोठ्यानं विचारतो, काय तक्रार? बायको म्हणाली, "भोंगा लावून सांगू काय? बाई डॉक्टर कुठं बसते तेवढं बोल." तो म्हणे, आधी पोलिसांची चिठ्ठी आणा. आवाज ऐकून डॉक्टरीणबाईच बाहेर आली. "चिठ्ठी मागाहून येईल," म्हणाली नि दोघींना आत घेऊन दार लावलं.

आतलं मला बायकोनं नंतर सांगितलं. बाईनं विचारल्याशिवाय हात लावला नाही. औषधं दिली. पाळी चुकली तर घाबरू नको, लगेच ये, इथं सोय आहे म्हणाली. पोलिसांत जायचं का, हे पण तिलाच विचारलं. भावजय म्हणाली, जायचं. देवळातल्या एवढ्या माणसांना जे जमलं नाही ते दोन मिनिटांत झालं.

पण काही रोग लगेच दिसत नाहीत म्हणून रक्त तपासायला दीड महिन्यानं परत बोलावलं. त्या दारावर पाटी, त्वचा व गुप्तरोग. गुप्त म्हणायचं नि हातभर अक्षरात लिहायचं, हे सरकारलाच जमतं. भावजय जिन्यातच थांबली. "भावोजी, मी नाय येत. कुणी बघितलं तर?"

म्हटलं, "तुम्ही तिकडं बाकावर बसा. रांगेत मी उभा राहतो."

उभा राहिलो, तर पुढं गावकर!

"तू रे इथं?"

"व्हय," म्हटलं. "मला झालाय."

तो कशाला आला होता हे मी विचारलं नाही. गावानंही त्याला विचारलं नाही. तो गेल्यावर भावजय आत जाऊन रक्त देऊन आली, नि आम्ही घरी पोचायच्या आत माझा रोग गावात पोचला. न्हाव्यानं माझ्यासाठी वस्तरा वेगळा काढला, मग दाढीच बंद केली. जामिनावर सुटून आलेल्या गिरणीवाल्याची दाढी मात्र पहिली.

बायको हसून हसून खाली बसली. "अवो, मला सोडून कुठं गेला नाय तुम्ही. रोग काय टपालानं आला?" मग तीच पडवीत माझी दाढी करायला लागली.

भावजयीचं रक्त चांगलं निघालं. हे कळलं त्याच दिवशी न्हावी बसतो त्या आंब्याखाली ती गेली. चार माणसं बसलेली, गिरणीवाला गालाला साबण लावून. ती म्हणाली, "माझ्या भावोजींना कसला रोग नाय. रक्त माझं तपासलं, ते पण चांगलं आलंय. भ्यायचं तर ह्याला भ्या." नि बोट दाखवलं. न्हावी वस्तरा धरून तसाच उभा.

कोर्टातून गिरणीवाला सुटला. भावानं महिनाभर पत्र टाकलं नाही, मग येऊन तिला मुंबईला घेऊन गेला. पण बाया भात डोक्यावर घेऊन पलीकडच्या गावच्या गिरणीत जायला लागल्या. त्यासाठी कुणी कौल लावला नव्हता.

न्हावी पुढं मला बोलवायला आला. बायको म्हणाली, "राहू दे. मला सवय झाली." शेवटपर्यंत तीच करायची. आता तोंडभर दाढी आहे. लोक म्हणतात, बाबा, किती दिवस दुखवटा?

मी सांगतो, लांब बसा. रोग आहे.