हौशा कुणासाठी थांबतो?

गाणगापूरला जायचं कधीचं डोक्यात होतं, पण शेवटी मला तिकडे ओढून नेलं ते एका बैलाने. पुण्यात मी खाऊ देऊन कुत्र्यांना शिकवते. मैत्रिणीचा भाऊ विठ्ठल गाणगापूरच्या वाटेवरच्या करजगीहून फोनवर म्हणाला, "ताई, आमचा हौशा गाडी घेऊन रस्त्यातच थांबायलाय. उसाच्या ट्रका जायलेत. तुमच्यानं सुधरला न्हाई तर त्याला बाजार दावतो." बैलाला शिकवायचं, कप्पाळ माझं! तरी बॅग भरली.

सोलापूरहून अक्कलकोट, तिथून करजगीची बस. रस्ता बरा आहे, पण ऊसतोडीच्या दिवसांत धूळ खायची तयारी ठेवा. विठ्ठलच्या आईने, अक्काने, ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी वाढली. मी तडस लागेपर्यंत जेवले. हौशाचा विषय निघाला की अक्का मात्र चुलीकडे वळायची. तिचे मालक, म्हणजे विठ्ठलचे वडील अप्पा, वर्षापूर्वी शेताच्या वळणावर लिंबाखाली बसल्या जागी गेले होते. दुपारी घरी येताना ते तिथे उतरत आणि हौशाला गुळाचा खडा देत. हौशा अजून तिथेच थांबत होता.

"त्यात काय," मी ऐटीत म्हटलं. "खाऊ बंद झाला की सवय मोडते."

"वरीस झालं ताई. कुणीबी काय देत न्हाई," विठ्ठल म्हणाला.

माझी ऐट तिथेच उतरली. इतके दिवस फुकट कुठलंच जनावर थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही शेतातून निघालो. वळणावर हौशा थांबला. वारा पडलेला, पाखराचाही आवाज नाही. त्याने लिंबाच्या बुंध्याशी मान घातली आणि डोळे मिटून काहीतरी चघळायला लागला. रवंथ म्हणावा, तर वास गुळाचा! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. "अप्पा..." विठ्ठल पुटपुटला. मागून ट्रकचा हॉर्न, हौशा ढिम्म. ट्रक चाकाला घासून गेला तेव्हा आमची पाचावर धारण बसली.

मी गाडीतून उतरून खाली वाकले. बुंध्याशी एक दगड, त्यावर चिकटलेला गूळ आणि मुंग्या.

संध्याकाळी अक्काने कबूल केलं. "सकाळी मीच ठिवते. त्यो थांबला की वाटतंय, मालक उतरायलेत. कामून बंद करू?" तिला रडू फुटलं, मलाही. गूळ बंद करा म्हणायची माझी छाती होईना.

"बंद नको," मी म्हटलं. "जागा बदलू. रोज दारात द्या, तुमच्या हातानं."

अक्काने उंबऱ्याकडे पाहिलं. "मंजी मालकाला घरी आनायचं. व्हय?"

मी मान डोलावली.

दोन दिवस सराव घेतला. दारातला गूळ दिसला की हौशा धडक मारल्यासारखा यायचा. मग गाणगापूर केलं. पौर्णिमेला जाणार असाल तर लॉज आधीच ठरवा, नाहीतर ओसरीवर झोपाल. दर्शन नीट झालं, पण माझं लक्ष त्या वळणावरच होतं.

परवा विठ्ठलचा फोन आला. हौशा आता वळणावर थांबत नाही, बाजाराचा विषयही संपला.

"मग झालं की!" मी खूश.

"व्हय, पर ताई... दारात आला की आधी अंग चोरून बाजूला सरतंय. उंबऱ्याकडं बघत उभारतंय, कुनी आत जायलंय तसं. मग गूळ खातंय. अक्का लई खूश हाय. ह्ये तुमीच शिकवलाव न्हवं?"

मी "हो" म्हणाले आणि फोन ठेवला. मी त्याला असलं काहीही शिकवलेलं नाही.