शंकरनारायणरावांनी पारखलेला कंट्रोलर

शंकरनारायणरावांच्या टेबलाच्या खणात एक रबरी शिक्का आहे. त्यावर इंग्रजीत ‘रिजेक्टेड’ असं कोरलेलं आहे. तमिळनाडूतल्या पापनाशमच्या एका खाजगी बस कंपनीच्या भांडारात चौतीस वर्षं काढून राव निवृत्त झाले, तेव्हा कंपनीने शाल दिली, हार घातला, आणि शिक्का रावांनी स्वतः मागून घेतला. नव्या भांडारपालाला तो नकोच होता. तो म्हणाला, आता सगळं कॉम्प्युटरवर होतं, घेऊन जा सार.

ब्रेकचा लायनर असो, बेअरिंग असो, रावांचा अंगठा फिरल्याशिवाय कुठलाच सुटा भाग त्या भांडारात शिरला नाही. माल आणणारे एजंट त्यांचं नाव ऐकून नवस बोलत, असं राव सांगतात. परत पाठवलेल्या मालापैकी निम्मा माल तेच एजंट नुसता खोका बदलून पुन्हा आणत आणि राव तो खुशाल पास करत, हेही रावच सांगतात. मात्र पोटभर जेवण झाल्यावर आणि ऐकणारा घरचा असल्यावर.

निवृत्तीनंतर ही खोड कुंभकोणमच्या घरात मुक्कामाला आली. कॉफीचा फिल्टर घ्यायचा तर राव चार दुकानं पालथी घालणार, फिल्टरात पाणी ओतून घड्याळ लावून थेंब मोजणार. त्यांची बायको त्रिपुरसुंदरी अशा वेळी दुकानाबाहेर उभी राहते आणि हे गृहस्थ आपले कोणी नव्हेत असा चेहरा करते.

मात्र ज्या अंगठ्याच्या जिवावर हा सगळा डौल, तो अंगठा आता जगात कुठेच चालत नाही. रॉकेल, ग्रीस आणि लोखंडाचा कीस यांनी चौतीस वर्षांत त्याच्यावरच्या रेघा पुसून टाकल्या. दरवर्षी हयातीच्या दाखल्यासाठी राव यंत्रावर अंगठा ठेवतात आणि यंत्र दरवर्षी सांगतं की असा कोणी माणूस नाही. मग डोळे वटारून यंत्राला डोळा दाखवावा लागतो, तेव्हा कुठे राव आणखी एक वर्ष जिवंत राहतात.

टॅब्लेटचंही तेच. पुण्याला दिलेली मुलगी पंकजा हिने गेल्या दिवाळीत तो पाठवला, आणि तेव्हापासून दर रविवारी अकरा वाजता राव अकरा वर्षांच्या नातीबरोबर, चैत्राबरोबर, मोटारींची शर्यत खेळू लागले. खेळू लागले म्हणजे काय, चैत्रा खेळे आणि राव हरत. काचेवर त्यांचा खरखरीत अंगठा दहादा घासला की गाडी एकदा वळे, आणि तोवर ती भिंतीत गेलेली असे. एकही शर्यत त्यांनी पुरी केली नव्हती. पण त्या तासाभरात चैत्रा शाळेतलं सगळं सांगे, आणि रावांची जुनी तंजावरी मराठी ऐकून खिदळे. रावांचा आठवडा रविवारी अकराला सुरू होई आणि बाराला संपे. बाकीचे दिवस नुसते भरतीचे.

आजोबांना ती तमिळ रीतीने ‘ताता’ म्हणे. एका रविवारी म्हणाली, “ताता, आमच्या सोसायटीत स्पर्धा आहे. नातवंडं आणि आजी-आजोबा, अशी जोडी. लांबून खेळलं तरी चालतं. पुढच्या रविवारी संध्याकाळी सहापर्यंत नावं द्यायची आहेत.”

“अनंतकृष्ण ताता आहेत कीं घरीं,” राव म्हणाले. अनंतकृष्ण म्हणजे रावांचे व्याही. बँकेतून निवृत्त, राहायला पुण्यात चैत्राच्याच घरात, आणि सही करण्यापलीकडे काही न केलेली लोण्यासारखी बोटं. काच त्यांच्या बोटाला नुसत्या इशाऱ्यावर पावते.

“आहेत ना,” चैत्रा म्हणाली. “पण तुम्ही एकदा तरी शर्यत पुरी करा ना ताता.”

झालं. रावांनी ही परीक्षा धरली. पुढच्या रविवारी अकरा वाजता शर्यत पुरी केली तर जोडीदार आपण, नाही तर व्याही. व्याह्यांशी रावांचं वैर काहीच नव्हतं, पण मुलीच्या लग्नात त्यांनी रावांनी निवडलेलं केळीचं पान उलटंपालटं करून पाहिलं होतं, ते राव तेरा वर्षांत विसरले नव्हते.

सोमवारी राव बसस्थानकाजवळच्या प्रवीणकुमारच्या मोबाइलच्या दुकानात गेले. प्रवीणकुमारने त्यांचा अंगठा पाहिला आणि तमिळमध्ये म्हणाला, “सार, तुम्हाला काच नको. तुम्हाला बटणं पाहिजेत. गेम कंट्रोलर घ्या.” आणि त्याने काउंटरवर तीन तऱ्हा मांडल्या. एक, फोनला दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरणारी. दुसरी, काचेच्या कडेला अडकवायची नुसती दोन बटणं. तिसरी, टॅब्लेट समोर स्टँडवर ठेवून हातात वेगळी धरायची, वायर नसलेली. तिला डाव्या अंगठ्याखाली गाडी वळवायची दांडी आणि उजव्या अंगठ्याखाली वेगाची बटणं.

दुसरा कोणी असता तर तिसरी उचलून जेवायला घरी गेला असता. रावांनी खिशातून वही काढली.

मंगळवारी ते टॅब्लेटच्या मापाचा पुठ्ठा कापून घेऊन गेले आणि चिमटेवाली तऱ्हा बाद केली, कारण चिमटा वीतभर कमी पडत होता. हे प्रवीणकुमारने सोमवारीच तोंडी सांगितलं होतं. बुधवारी कडेच्या बटणांवर फुली पडली. बटणाखाली शेवटी काचच, आणि काचेशी रावांचं फाटलेलं. उरल्या तिसऱ्या तऱ्हेचे चार कंट्रोलर. गुरुवारी रावांनी एकेक हातावर तोलला, रबराचा वास घेतला, प्रत्येक बटण शंभर वेळा दाबलं. मग सगळ्यात मोठी कसोटी. दांडी चारी बाजूंना ढकलून सोडायची आणि ती आपसूक मधोमध येते का पाहायचं. “स्टिअरिंग सोडल्यावर सरळ नाही झालं, तर ती बस घाटात न्यायची नाही,” राव म्हणाले. कावेरीच्या काठाला घाट कुठला, हे प्रवीणकुमारने विचारलं नाही. तीन बाद झाले. चौथ्याची दांडी दर वेळी बरोबर मधे आली.

“एका वस्तुसाठीं चार दिवस,” घरी त्रिपुरसुंदरी म्हणाली. “मज पाहण्यास आलां तेव्हांहि तीन वेळां आलां.”

“तिसऱ्या वेळेस कॉफी बरी होती,” राव म्हणाले.

शुक्रवारी साडेदहाला ते दुकानापाशी पोहोचले, तो राहुकाळ लागलेला. समोरच्या हॉटेलात दोन कॉफ्या पिऊन त्यांनी बारा वाजवले आणि मग वस्तू हातात घेतली. प्रवीणकुमारने ती टॅब्लेटला जोडून दिली, खेळ सुरू केला. रावांनी अंगठ्याने दांडी लोटली आणि गाडी वळली. पहिल्याच खेपेला वळली. या दांडीला रेघा नको होत्या, ओळख नको होती. अंगठा जिवंत आहे की नाही हेसुद्धा ती विचारत नव्हती. सहा गाड्यांत राव सहावे आले, पण पोहोचले. दुकानातल्या गिऱ्हाइकांनी वळून पाहिलं, कारण राव मोठ्याने हसत होते.

इथवर सगळं नीट झालं होतं. शनिवारी राव थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती.

पण भांडाराची चौतीस वर्षांची रीत होती. नवी गाडी रस्त्यावर घ्यायची तर आधी पूजा. स्टिअरिंगच्या बरोबर मधोमध ओल्या चंदनाचा टिळा, त्यावर कुंकू, चाकाखाली लिंबू. शनिवारी सकाळी राव स्नान करून सहाणेवर चंदन उगाळायला बसले. लिंबू द्यायला त्रिपुरसुंदरीने साफ नकार दिला. चाक नाही तिथे लिंबू कशाला, म्हणाली, आणि ते रसमात पिळलं. चंदनाला मात्र कोणी अडवलं नाही. कंट्रोलरचं स्टिअरिंग म्हणजे ती डावी दांडी. रावांनी तिच्या डोक्यावर टिळा लावला. उगाळलेलं वाया कशाला घालवायचं म्हणून आणखी लावला. मग कुंकू. आणि वस्तू देवापुढे समईला टेकवून उभी केली, दांडी समईकडे दाबून, रविवारपर्यंत.

रविवारी अकराला त्यांनी टिळा वरवर पुसला आणि चैत्राला सांगितलं, “आज पाहा तुझ्या ताताची गाडी.”

चैत्राने पाहिली. गाडी सुटली ती डावीकडे वळली, वळली ती वळतच राहिली. रावांनी दांडी उजवीकडे लोटली, ती किंचित हलून पुन्हा डावीकडे गेली. बाकीच्या गाड्या तीन फेऱ्या मारून घरी गेल्या तरी रावांची गाडी सुटण्याच्या रेषेपाशी गोल गोल फिरत होती. प्रदक्षिणा म्हणावी, तर तीही उलटी. चैत्रा आधी हसली, मग हसायची थांबली. तिचं थांबणं रावांना जास्त लागलं.

“माल खोटा आहे,” राव कडक आवाजात म्हणाले. “कंपनीचीच चूक. मी पाहून घेतों.” आणि त्यांनी फोन ठेवला.

मग त्यांनी खणातला शिक्का काढला, कंट्रोलरच्या खोक्यावर चारी बाजूंनी ‘रिजेक्टेड’ उमटवलं आणि उन्हातून दुकान गाठलं. प्रवीणकुमारने खोका उघडला आणि नाक पुढे केलं.

“सार,” तो म्हणाला, “याला देवळाचा वास का येतोय?”

त्याने दाताची काडी घेतली, दांडीच्या बुडाशी फिरवली. कागदावर वाळलेल्या चंदनाचे पापुद्रे पडू लागले, पिवळे, मधे एक लाल. कापसाला स्पिरिट लावून त्याने खाच पुसली आणि दांडी सोडली. ती टुणकन मधोमध येऊन उभी राहिली. प्रवीणकुमार चांगला माणूस. त्याने नुसता शिक्के मारलेला खोका बाजूला सारला आणि कंट्रोलर एका साध्या पिशवीत घालून दिला.

घरी येताना राव स्वतःला जे काही म्हणाले ते एजंटांनासुद्धा कधी म्हणाले नव्हते. चार दिवस पारखून दांडी मधे येते का पाहिलं, आणि ती मधे येऊ नये याची सोय आपल्याच हाताने केली, तीही देवापुढे बसून. वर अकरा वर्षांच्या पोरीला सांगितलं की कंपनी खोटी. कंट्रोलर आता ठीक होता, सहा वाजायला वेळही होता. पण तपासणीच्या घटकेला नापास झालेला माल त्याच दिवशी पास करायचा नाही, हा त्यांचाच नियम. एजंटांसाठी तो निम्म्या वेळा मोडला असेल. स्वतःसाठी मोडायची त्यांना लाज वाटली.

पावणेपाच झाले होते. “राहुकाळ लागला,” आतून त्रिपुरसुंदरी म्हणाली. “सहानंतर बोला.”

“सहाला नांवें बंद होतात,” राव म्हणाले. त्यांनी शिक्का शाईवर दाबला, तो आपल्या अंगठ्यावर मारला, आणि फोन लावला.

चैत्रा पडद्यावर आली. रावांनी अंगठा कॅमेऱ्यापुढे धरला. रेघा नसल्यामुळे अक्षरं फार स्वच्छ उमटली होती.

“हे काय ताता?”

“खोटा माल मी आहें,” राव म्हणाले. चंदन, समई, काडी, सगळं त्यांनी सांगितलं, काही लपवलं नाही. “कंपनीचें कांहीं चुकलें नाहीं. मीच तुज खोटें सांगितलें. तूं अनंतकृष्ण ताताचें नांव दे. अजून तासभर आहे.”

चैत्रा इतकी हसली की फोन तिच्या हातून पलंगावर पडला. छत दिसू लागलं. मग पुन्हा तिचा चेहरा आला.

“पण नाव तर मी सोमवारीच दिलं. तुमचं.”

“सोमवारीं?” राव म्हणाले. “सोमवारीं मजपाशीं कंट्रोलरहि नव्हता.”

“मग?”

“तूं तर म्हणालीस, एकदां शर्यत पुरी करा.”

“ते तुम्हाला छान वाटावं म्हणून,” चैत्रा म्हणाली. “अनंतकृष्ण ताता हरले ना, की दोन दिवस बोलत नाहीत. तुम्ही दर रविवारी हरता आणि पुढच्या रविवारी परत येता.”

चौतीस वर्षांत त्यांनी एक नटबोल्ट न तपासता आत घेतला नव्हता, आणि इथे सोमवारी, ते वही काढून उभे होते त्याच दिवशी, कोणीतरी त्यांना न पारखता घेऊन टाकलं होतं. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा पुसला, आणि शाई चष्म्याला लागली.

“चला, सुरू करा,” चैत्रा म्हणाली. “सराव नको का?”

त्या शर्यतीत राव पाचवे आले; सहावी गाडी भिंतीत गेली होती. अंगठ्यावरची शाई बुधवारपर्यंत टिकली. त्रिपुरसुंदरीने दोनदा साबण पुढे केला, पण रावांनी काही ती फारशी घासली नाही.