अडणारी आगगाडी

अकोल्यात मोर्णा नदीकाठी सूर्यभान माळ्याचा झेंडूचा मळा होता. तो कापसाच्या जिनिंगच्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर रोज फुलं पोचवायचा. साहेब विलायतेला परत जाताना आपल्या मुलाची चावीची आगगाडी गोल रुळांसकट त्याला देऊन गेला. पोरबाळ नसलेल्या घरात ती गाडी लेकरासारखी लाडकी झाली.

दर दसऱ्याला बायको गोदाबाई विळ्या-खुरप्यांबरोबर इंजिनालाही हळदीकुंकू वाही. "लोखंडाचं हाय, चाकं हायेत, मंग पूजा काहून नाई?" असं तिचं म्हणणं. पुढं पुढं इंजिन कधी नीट धावे, तर कधी चावी भरलेली असूनही मधेच थांबे.

"अडली काय जी?" गोदाबाई चुलीपासून विचारी.

"अडली वं," तो म्हणे. मग ती उठून पीठ लागलेल्या बोटानं गाडी ढकलून जाई.

गोदाबाई तापात गेली. गाडी अडतच राहिली, पण विचारणारं कोणी उरलं नाही. सूर्यभान चिडला. त्यानं रूळ नीट जुळवले, ते सारवलेल्या जमिनीवरून उचलून फळीवर मांडले, मोटेच्या चाकाला घालतात तसं तेल ओतलं. इंजिन जास्तच अडू लागलं. शेवटी त्यानं खालचा पत्रा उचकटला. दातेरी चाकांत कुंकू तेलात मळून दगडासारखं बसलं होतं. त्यानं ते काडीनं खरवडलं, घासलेटनं धुतलं.

गाडी सुटली ती थांबेचना. मग त्यानंच बोट आडवं लावून ती थांबवली आणि थंड चुलीकडं पाहून म्हणाला, "अडली वं."