बोरमाळेतला मणी

आंबेनळी घाटाच्या तिसऱ्या की चौथ्या वळणावर माझ्या पोटात ढवळायला लागलं, आणि शेजारी माझी थोरली बहीण आक्का दरीकडे बघत खुशाल शेंगा खात होती. महाबळेश्वरची थंडी मागे पडून कोकणची ऊब लागली होती. भात कापून मोकळी झालेली खाचरं खाली दिसत होती. "डोळे मीट आणि गप बस," आक्का म्हणाली. तिचा एक हात कमरेला खोचलेल्या पिशवीवर होता. पिशवीत तिची बोरमाळ होती, आणि ती पोलादपूरकडच्या एका खाणीत गुंतवायला आम्ही पुण्याहून निघालो होतो.

खाण आक्काच्या चुलत दिराची, मुकुंदरावांची. महाडात त्यांचं सायकलींचं दुकान. डोंगरात त्यांना काळा, जड दगड सापडला होता. त्यात म्हणे टंगस्टन होतं. विजेच्या दिव्यातली तार त्याची करतात आणि आपल्याकडे ते मिळता मिळत नाही. शिवाय दगडाबरोबर सोनंही निघत होतं. आक्काला धंद्याची हौस मुळीच नव्हती. भावजी गेल्यापासून ती माझ्याकडे राहत होती आणि तिला आपली अशी एक खोली हवी होती, आपली चूल, आपली कडी. अंगावरचा सोन्याचा हा एकच डाग उरला होता. तो वाढला तर खोली, बुडाला तर काहीच नाही. तिने हे कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण मला कळत होतं आणि वाईटही वाटत होतं.

पोलादपूरच्या स्टँडवर मुकुंदराव उभेच होते. चहा यायच्या आत त्यांनी काड्यापेटी उघडली. कापसावर सोन्याचा चपटा तुकडा होता, ज्वारीच्या दाण्याएवढा.

"वहिनी, पहिल्याच टोपलीतला! दगडमाती घणाने कुटली, परातीत धुतली, तर हा तळाला."

आक्काने तो तळहातावर घेतला. खरं सांगायचं तर मीसुद्धा हरखलो.

पुढे चढ होता. अर्ध्यावर माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि एका पायाने अनवाणी, लंगडत, मी वाडीत पोचलो. ज्या म्हातारीच्या वरकशीत (डोंगरउतारावरची नाचणीची जमीन) खाण होती, त्या पारूबाईने आम्हाला नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी वाढली. इतकी चवदार पिठी मी आजवर खाल्ली नाही.

"बाय, तू खान बघाया आलीस?" तिने आक्काला विचारलं.

"हो. तुमच्या जमिनीत सोनं निघतंय ना?"

म्हातारी हसली. "आमच्या जमिनीत कसलं गो सोनं! आमी घातलं तेवढंच."

मुकुंदरावांचा घास हातातच राहिला. "काय घातलंत, मावशी?"

"मनी रे. भुईला हात लावायचा तर आदी तिला सोनं द्यावं लागतं. हीर खनताना देतो, घराच्या पायात देतो. तुजी मानसं यायच्या आदल्या सांजंला माज्या गळ्यातला मनी मी तितं दगडाखाली ठेवला. तू नुसता नारळ फोडलास, त्यानं काय व्हतंय?"

मुकुंदरावांनी काड्यापेटी उघडून पुढे केली. तुकड्याच्या एका कडेला दोरा ओवायचं अर्धं भोक होतं. मघाशी ते आम्हा तिघांपैकी एकालाही दिसलं नव्हतं.

पारूबाई रागावली नाही, घाबरली. "म्हंजे भुई रिकामीच खनलीव? खाली माजं घर हाय रे. पावसात डोंगर आला तर?"

मुकुंदराव तुकडा परत देऊ लागले. तिने हात मागे घेतला. "काडलेलं परत चालत नाय." तिचा हात गळ्याकडे गेला. पोतीत दोनच मणी उरले होते.

आक्का उठली. आम्ही तिच्या मागोमाग खाणीपाशी गेलो. पुरुषभर खड्डा, काठावर काळ्या दगडांचा ढीग, बस्स. आक्काने बोरमाळेचा दोरा दातांनी तोडला, एक मणी काढून पारूबाईच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "तुम्हीच ठेवा. जमीन तुमची."

"वहिनी, टंगस्टन तर असेल ना?" मुकुंदरावांचा चेहरा बघवत नव्हता.

"असेल, मुकुंदा. पण बाकीची माळ माझ्यापाशीच राहू दे."

काळ्या दगडात लोखंडापलीकडे काही नाही, हे पुढे तपासणीत कळलं, आणि मुकुंदराव पुन्हा पंक्चरं काढू लागले.

परतताना घाट चढणीचा होता म्हणून की काय, माझं पोट ठीक होतं. आक्का शेंगा खात नव्हती. "खोली हवी होती ना तुला?" मी विचारलं. "हो रे," ती म्हणाली, आणि खिडकीकडे वळली. एका खोलीसाठी तिला एवढ्या लांब का यावं लागावं, असं मला फार वाटलं.

पुण्याला आल्यावर मी घराच्या मागच्या खोलीला बोळाकडून वेगळं दार पाडून घेतलं आणि आत चूल घातली. गवंडी उंबरा बसवायला लागला, तेव्हा आक्का त्याला "थांब" म्हणाली. तिने बोरमाळेतला आणखी एक मणी काढून खाली ठेवला. उंबरा बसल्यावर ती आत गेली आणि तिने कडी लावून घेतली.