अकरा जुलैचं माप

माझे सासरे श्रीपत मामंजी गेले, त्याला आता दीड वर्ष होईल. त्यांची आठवण आली की डोळ्यांत पाणी येतं, पण त्याच्या आधी चिडचिड होते. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. पण मी एकदा त्यांच्या वहीत खोटं लिहिलं आहे आणि ते मला पुरेसं झालं.

मामंजी पळसदरीच्या धरणावर चौकीदार होते. एकाहत्तर साली काम सुटलं तेव्हा तिथल्या साहेबानं मोडीत निघालेलं पाऊस मोजायचं यंत्र त्यांना दिलं. दुसऱ्या कुणी ते पितळी भांडं घासून फळीवर ठेवलं असतं. मामंजींनी अंगणाच्या बरोबर मध्ये, मी वाळवण घालायचे तिथं, चौथरा बांधून ते रोवलं. झाडापासून लांब, भिंतीपासून लांब, अशी जागा घरात तेवढी एकच होती. तेव्हापासून माझे पापड पडवीच्या कौलांवर गेले.

वर नरसाळं, त्याखाली काचेची बाटली आणि बाटलीभोवती डबा, एवढंच ते यंत्र. रोज सकाळी साडेआठला मामंजी त्यातलं पाणी रेघांच्या काचपेल्यात ओतायचे आणि इंच, सेंट मोठ्यानं सांगायचे; सेंट म्हणजे इंचाचा शंभरावा भाग. लिहायचं मी. मामंजींना आकडे येत, अक्षर येत नव्हतं.

माझी वंदना आठला. ह्यांची खोपोलीच्या कारखान्यातली पाळी, पोरांची शाळा, सगळं उरकून बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून बसावं, पंचशील संपत यावं, की बाहेरून हाक यायची.

“चंद्रा, साडेआठ वाजलं गं.”

“दोन मिनिटं, मामंजी.”

“पाऊस थांबतो का दोन मिन्टं?”

बाहेर लख्ख ऊन असलं तरी हेच. दिवाळीपासून मेअखेरपर्यंत जवळजवळ रोज शून्य, आणि ते रोज लिहायचं. एकदा मी म्हटलं, महिन्याची शून्यं एकदम घालते. “मंग जेवन पन महिन्याचं एकदम जेव,” म्हणाले.

चुकलं तर रबर चालायचं नाही. चुकलेल्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला खरं लिहायचं आणि आपलं नाव घालायचं. हा साहेबाचा नियम त्यांनी घरात आणला होता. वहीचा कागद वाया जाऊ नये म्हणून मागच्या पानांवरून मी माझं लिहायचे. वंदनेत कुठलं सुत्त म्हटलं, कोण आलं, काय रांधलं. पुढून त्यांचा पाऊस, मागून माझा दिवस.

गावाला वाटे, हा माणूस पाऊस सांगतो. शेजारची धोंडूबाई मळणीच्या दिवसांत येऊन विचारायची, “श्रीपतभाऊ, उद्या येईल का वो पाऊस? भात खळ्यात हाय.”

“आला की सांगन.”

“मंग मोजता कशाला? मोजून परत ढगात घालनार हाय का?”

“उद्याचं सांगनारं लय हायेत, धोंडूबाय. कालचं कोनी नीट सांगत नाय.”

ती जाताना माझ्याकडे बघून मान हलवायची. मला वाटे, बाई, तुला एकदाच ऐकावं लागतं.

आता ती पौर्णिमा. शहात्तर सालची आषाढ पौर्णिमा, अकरा जुलै, रविवार. भन्तेजी, म्हणजे आमचे भिक्खू, कर्जतहून आमच्याकडे परित्राणपाठाला, घराच्या रक्षणासाठी सुत्तं म्हणायला, यायचे होते. आमच्या घरी पहिल्यांदाच. आदल्या दिवसापासून पाऊस असा लागला होता की समोरचा सोनगिरीचा डोंगर दिसेना. सकाळी विहिरीवर गेले तर पाणी लालभडक. भरून ठेवलेल्या हंड्यात रात्री कौल गळून काजळी पडलेली. पाठाच्या कलशाला गढूळ पाणी ठेवायचं कसं? मामंजी घोंगडी घेऊन पहाटेच धरणाचा सांडवा बघायला गेलेले. हे कारखान्यात.

अंगणात डबा होता. त्यात आभाळातून पडलेलं, जमिनीला न लागलेलं पाणी.

मी काही मूर्ख नव्हते. बाटलीला हात लावायचा नाही हे मला पाठ होतं. नरसाळं उचलून बघितलं तर बाटली काठोकाठ भरलेली, आणि भोवतीच्या डब्यातही पाणी. मला वाटलं, माप बाटलीचं असतं, बाहेर सांडलं ते वरचं. बाटली तशीच ठेवली आणि डब्यातलं तेवढं काढलं. दोन तांबे निघालं. कलश भरला. उरलेल्या पाण्यात कापड बुडवून मूर्ती पुसली, पाट पुसला. मन प्रसन्न झालं.

साडेआठला मामंजी आले ते निथळत, पण चेहरा लहान पोरासारखा. सांडव्यावरून असं पाणी त्यांनी नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. “चंद्रा, वही आन. आजच्यासारखं माप परत नाय व्हायचं.” नरसाळं उचललं, डब्यात वाकून बघितलं आणि तसेच वाकून राहिले.

“यातलं पानी?”

मी सांगितलं.

“अगं, बाटली भरली की उरलेलं डब्यात पडतं. दोनी मिळून माप असतं.”

पाच वर्षांत हे मला एकदाही सांगितलं नव्हतं. हात लावू नको, एवढंच सांगितलेलं. मोजताना ते पाठमोरे बसायचे आणि मला मिळायचा आकडा.

“कलशातलं मोजा,” मी म्हटलं.

“आनि पाटाला पुसलं ते?”

“मग बाटलीचे चार इंच तरी लिहा.”

“चार पडलाच नाय, तर चार कसं लिवू?”

“अंदाजानं लिहा. दहा लिहा. कोण बघणार आहे?”

मामंजींनी मूर्तीकडे बोट केलं. “चवथं शील काय हाय गं?”

खोटं बोलणार नाही, हे चौथं शील. रोज सकाळी मी म्हणते. मग त्यांनी सावकाश सांगितलं, “लिव. सुनेनं पाठासाठी डब्यातलं पानी घेतलं. माप नाय.”

एवढ्यात भन्तेजी फाटकाशी आले. पांढरं लुगडं नेसून मी दारात उभी, हातात वही. ही वही पुढं माझी पोरं वाचणार, सुना वाचणार, आणि त्यात माझ्याच अक्षरात माझा गुन्हा. मी लिहिलं, “बाटली फुटली. माप नाही.”

“वाचून दाव.”

मी वाचलं, “सुनेनं पाठासाठी डब्यातलं पाणी घेतलं. माप नाही.”

आणि आत जाऊन पाठाला बसले. मागच्या पानावर त्या दिवशी मी लिहिलंय, परित्राण छान झालं. बस, तेवढंच.

त्या पाण्याबद्दल मामंजी पुढं एका शब्दानं बोलले नाहीत. तीच तर चीड. एकदा ओरडले असते, रुसून जेवले नसते, तर मीही भांडले असते आणि भांडता भांडता खरं सांगून टाकलं असतं. दुसऱ्या दिवशी साडेआठला नेहमीसारखी हाक. फक्त आता मोजताना माझ्याकडे तोंड करून बसायचे आणि बाटलीचं किती, डब्याचं किती, वेगवेगळं दाखवायचे.

एक्याऐंशी साली एक तरुण इंजिनियर आला. चौक गावाकडच्या रस्त्यावर ओढ्याचा पूल बांधायचा होता, त्याला या भागातल्या मोठ्या पावसाचे आकडे हवे होते. कुणीतरी मामंजींचं नाव सांगितलं. मामंजींनी धुतलेली टोपी घातली. दहा वर्षांच्या वह्या ओटीवर मांडल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा पाऊस कुणीतरी मागायला आला होता.

“सगळ्यात मोठा कुठला, बाबा?”

“शहात्तरची आषाढ पुनव. पन माप नाय. का नाय ते लिवलंय, वाचा.”

मी चहा घेऊन उंबऱ्यातच थांबले. त्यानं पान काढलं आणि मोठ्यानं वाचलं, “बाटली फुटली. माप नाही.” मग म्हणाला, “बाबा, बाटली फुटली तरी पाणी डब्यात राहतंच की. मग माप कसं गेलं?”

बघा. खोटं लिहिताना मला तेवढंही कळलं नव्हतं.

मामंजींनी माझ्याकडे बघितलं नाही. टोपी काढली, परत घातली. “डबा पन कलंडला व्हता,” म्हणाले.

“डबा कलंडला म्हणजे यंत्र हललं. मग या सालाचा भरवसा धरता येत नाही.” त्यानं पेन्सिलीनं शहात्तर सालावर, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आडव्या रेघा ओढल्या आणि चौऱ्याहत्तरचा पाच इंच ऐंशी सेंट उतरवून घेतला. शहात्तर साली मामंजी एकही दिवस चुकले नव्हते. ताप असताना माझ्या खांद्यावर हात ठेवून अंगणात आले होते. मी तोंड उघडलं असतं तर ते साल वाचलं असतं. ट्रे हातात धरून मी उभी राहिले.

तो गेल्यावर मी म्हटलं, “मामंजी, ते बाटलीचं...”

“आजचं लिवलं का?”

“लिहिलं.”

“मंग झालं.”

अंदाजाचा आकडा सांगून मोठं होता आलं असतं तेव्हा या माणसानं तो सांगितला नाही. आणि खोटं बोलले ते माझ्यासाठी, तेही मला न विचारता. मी कुणावर चिडायचं?

त्र्याऐंशीच्या पौषात मामंजी गेले.

काल आषाढ पौर्णिमा झाली. वंदना आटोपली आणि शहात्तरची वही काढली. “बाटली फुटली” यावर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. बाजूला लिहिलं, “सुनेने पाठासाठी डब्यातले पाणी घेतले. बाटली फुटली नव्हती. डबा कलंडला नव्हता. यंत्र जागेवर होते. चंद्राबाई.”

इंजिनियरच्या पेन्सिलीच्या रेघा मात्र तशाच आहेत. धाकट्या पोराचं रबर घेऊन बसले होते. एक कोपरा पुसलाही, मग हात थांबला. रबर चालत नाही. तेवढ्यात साडेआठ झाले आणि मी वही तशीच उघडी टाकून माप घ्यायला अंगणात गेले.